अमेरिकी सेनापतींच्या वादग्रस्त निर्णयांवरील पुस्तके कशी वाचावीत

२५ मे १९४४ रोजी दुपारी मेजर जनरल ल्यूशियन ट्रस्कॉट इटलीतील अँझिओच्या आघाडीवर आपल्या मुख्यालयात परतले, तेव्हा ते आनंदात होते. चार महिने समुद्रकिनाऱ्यालगत कोंडून पडलेल्या त्यांच्या सहाव्या कोअरने, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून बनलेल्या दलाने, दोन दिवसांपूर्वी जर्मन वेढ्यावर चढाई केली होती, चिस्तेर्ना हे गाव हाती आले होते आणि वाल्मोंतोनेची वाट मोकळी होत चालली होती. मुख्यालयात ब्रिगेडियर जनरल डॉनल्ड ब्रॅन त्यांची वाट पाहत होते. ब्रॅन हे पाचव्या आर्मीचे, म्हणजे अनेक कोअर मिळून बनलेल्या मोठ्या फौजेचे, मोहीम-अधिकारी होते आणि त्यांनी आणलेला हुकूम त्या आर्मीचे सेनापती लेफ्टनंट जनरल मार्क क्लार्क यांचा होता: एक डिव्हिजन आणि एक विशेष दल वाल्मोंतोनेकडे राहू द्यावे, बाकी सगळा जोर वायव्येला, रोमच्या दिशेने वळवावा. क्लार्क यांचे वरिष्ठ, ब्रिटिश जनरल हॅरॉल्ड अलेक्झांडर, यांच्या योजनेत मुख्य जोर वाल्मोंतोनेवरच होता. तेथे सहा क्रमांकाचा महामार्ग तोडून दक्षिणेकडून माघार घेणाऱ्या जर्मन दहाव्या आर्मीला कोंडीत पकडायचे होते. ट्रस्कॉट यांनी क्लार्क यांच्याशी प्रत्यक्ष बोलू देण्याची मागणी केली, पण क्लार्क उपलब्ध नव्हते. हुकूम पाळला गेला. रोम ४ जूनला पडले आणि दहाव्या आर्मीचा मोठा भाग निसटला.

अमेरिकी लष्करी इतिहासात वादग्रस्त निर्णयांना तोटा नाही. अमेरिकी यादवी युद्धातील ग्रँट यांचा कोल्ड हार्बरचा हल्ला आणि शर्मन यांची जॉर्जियातून गेलेली विध्वंसक कूच, दुसऱ्या महायुद्धातील लमे यांचा टोकियोवरील अग्निवर्षाव, कोरियातील युद्धात मॅकआर्थर यांची चीनच्या सीमेवरील यालू नदीकडची धाव, यांतील प्रत्येकावर पुस्तकांची रास आहे. तरीही अशी पुस्तके वाचायची सवय लावून घेऊ इच्छिणाऱ्याने सुरुवात क्लार्क यांच्या या एका हुकमापासून करावी, असे मी सुचवीन. हुकूम देणाऱ्याने पुस्तक लिहिले आहे, तो नाइलाजाने पाळणाऱ्यानेही लिहिले आहे, लष्कराचा अधिकृत इतिहास कोणालाही फुकट वाचता येतो, आणि त्या मोहिमेत आपल्याकडची माणसे लढत होती. मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो. आधी ट्रस्कॉट यांच्या आठवणी वाचल्या, त्यांच्या सरळ आणि संयत लेखणीवर विश्वास ठेवला, आणि पुढची कित्येक वर्षे क्लार्क यांना प्रसिद्धीलोलुप म्हणत राहिलो. त्या मताचा काही भाग आजही कायम आहे. पण ते मत मी कमावलेले नव्हते, मला ते आयते मिळालेले होते. खाली सांगितलेली पद्धत त्या अनुभवातून हळूहळू तयार झाली आहे.

मुखपृष्ठाच्या आतले पान

पुस्तक हातात आल्यावर प्रस्तावनेच्याही आधी प्रकाशनाचे वर्ष पाहावे आणि त्या वर्षी लेखक कोणत्या पदावर होता, हे शोधावे. क्लार्क यांचे ‘कॅल्क्युलेटेड रिस्क’ १९५० साली निघाले, तेव्हा ते अजून सेवेत होते आणि पुढे कोरियात संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे नेतृत्व करून जुलै १९५३ मधील युद्धबंदीच्या करारावर सही करणार होते. सेवेत असलेला माणूस आपल्या पूर्वीच्या वरिष्ठांबद्दल, मित्रराष्ट्रांबद्दल आणि स्वतःच्या चुकांबद्दल किती मोकळेपणाने लिहू शकेल, याचा अंदाज वाचकाने आधीच बांधून ठेवावा. ट्रस्कॉट यांचे ‘कमांड मिशन्स’ १९५४ चे आहे, म्हणजे ते निवृत्त झाल्यानंतरचे आणि क्लार्क यांचे म्हणणे छापून चार वर्षे उलटल्यानंतरचे. त्यामुळे ते पुस्तक आठवण म्हणून जेवढे वाचायचे, तेवढेच उत्तर म्हणूनही वाचायचे.

वर्षाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडून ती माहिती मोजक्या वरिष्ठांपर्यंत पोचवण्याची जी व्यवस्था होती, तिच्याविषयी जाहीरपणे लिहायला १९७४ पर्यंत मज्जाव होता. त्या आधीच्या पुस्तकात एखाद्या सेनापतीला ‘अंतःप्रेरणेने’ शत्रूची हालचाल कळली असे लिहिलेले आढळले, तर तेथे पेन्सिलीने खूण करावी. लेखक खोटे बोलत असेल असे नाही. बऱ्याचदा त्याला खरे सांगण्याची परवानगी नव्हती, किंवा त्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. उलट १९७४ नंतरचा लेखक त्या संदेशांकडे दुर्लक्ष करून निर्णयाचे मूल्यमापन करत असेल, तर ती त्याची उणीव समजावी.

मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. पानिपतावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आलो, आणि त्या वादाचा पुष्कळसा भाग बखरींवर उभा होता. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, तेव्हा मोहीम चालू असताना लिहिलेली पत्रे लोकांसमोर आली, आणि बखरकाराला शेवट ठाऊक असतो, पत्र लिहिणाऱ्याला तो ठाऊक नसतो, हे डोळ्यांना दिसले. अमेरिकी सेनापतीचे आत्मचरित्र बखरीच्या बाजूला ठेवावे, आणि त्याची रोजनिशी, तार, हुकुमाची प्रत व दूरध्वनीवरील संभाषणाची टिपणे पत्रांच्या बाजूला. एखाद्या पुस्तकाचा कस पाहायचा असेल, तर त्याच्या तळटीपा चाळाव्यात आणि निर्णायक प्रकरणात लेखक बखरींवर किती चालतो आणि पत्रांवर किती, ते मोजावे.

दोन रकान्यांची वही

यानंतरचे काम पेन्सिल आणि वहीचे आहे. ज्या निर्णयाबद्दल वाद आहे, त्या दिवसासाठी एक पान घ्यावे आणि मधोमध रेघ मारावी. डावीकडे वेळ आणि घटना, उजवीकडे त्या वेळी संबंधित सेनापतीला काय ठाऊक होते ते. पुस्तक पुढे सरकेल तसे पान भरत जावे, आणि जी गोष्ट त्या तासाला कोणालाच माहीत नव्हती ती उजव्या रकान्यात येऊ देऊ नये, मग लेखकाने ती कितीही रंगवून सांगितलेली असो.

२५ मेच्या पानावर माझ्या वहीत डावीकडे अशा नोंदी आहेत: सकाळी दक्षिणेकडून येणाऱ्या दुसऱ्या कोअरच्या आणि अँझिओच्या सहाव्या कोअरच्या तुकड्यांची गाठ पडली, चिस्तेर्ना पडले, दुपारी ब्रॅन हुकूम घेऊन आले, संध्याकाळी ट्रस्कॉट यांनी आपल्या डिव्हिजन-कमांडरांना नवी दिशा समजावून सांगितली, २६ मेच्या सकाळी, वायव्येकडचा हल्ला सुरू झाल्यावर, अलेक्झांडर यांना बदलाची माहिती क्लार्क यांच्या चीफ ऑफ स्टाफकडून मिळाली. ही शेवटची नोंद लिहिताना पेन्सिल थांबते. आदेशाचा अर्थ आपल्या परीने लावणे वेगळे आणि वरिष्ठाला विरोध करायला वेळच उरणार नाही अशा बेताने कळवणे वेगळे. क्लार्क यांच्यावरील आरोपातला सर्वांत भक्कम भाग रोमच्या मोहाबद्दलचा नसून या वेळापत्रकाबद्दलचा आहे, आणि तो केवळ कथन वाचून लक्षात येत नाही. तासवार मांडणी केली की दिसतो.

उजव्या रकान्यात दुसरीच हकिकत उभी राहते. नॉर्मंडीची चढाई जवळ आली आहे आणि ती झाली की इटलीतील बातम्या मागे पडणार आहेत, हे क्लार्क यांना ठाऊक होते. ब्रिटिश आठवी आर्मी रोममध्ये आधी पोचेल, अशी शंका त्यांच्या मनात होती. दिशा बदलण्याचा विचार त्यांनी आदल्या दिवशी ट्रस्कॉट यांच्यापाशी काढलेला होता, त्यामुळे ब्रॅन यांचा निरोप अगदीच आकाशातून पडला नव्हता. दहावी आर्मी नक्की कोणत्या वाटेने आणि किती वेगाने मागे येत आहे, हे मात्र त्या दुपारी कोणालाच पूर्णपणे सांगता आले नसते. ४ जूनला रोम पडणार, ६ जूनला नॉर्मंडीत फौजा उतरणार आणि अवघ्या दोन दिवसांत रोमचे कौतुक ओसरणार, हे सगळे त्या पानावर यायचे नाही. ते पुढचे पान आहे.

नकाशा स्वतः काढावा

पुस्तकातील नकाशा पाहून भागत नाही. एका कोऱ्या कागदावर अँझिओ, रोम आणि वाल्मोंतोने असे तीन ठिपके द्यावेत: अँझिओ खाली समुद्रकाठी, रोम तेथून साधारण पन्नास किलोमीटर वर, आणि वाल्मोंतोने रोमच्या आग्नेयेला साधारण चाळीस किलोमीटर आत. मधल्या जागेत अल्बन टेकड्या दाखवाव्यात. मग सहा क्रमांकाचा महामार्ग कसिनोकडून वाल्मोंतोनेवरून रोमला, आणि सात क्रमांकाचा महामार्ग किनाऱ्याच्या बाजूने टेकड्यांच्या दक्षिण अंगाने रोमला, अशा दोन रेघा ओढाव्यात. एवढे काढायला दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर ‘वाल्मोंतोने घेतले असते तर दहावी आर्मी सापळ्यात अडकली असती’ हे वाक्य पुन्हा वाचावे आणि स्वतःला विचारावे, की त्या एका रस्त्यावाचून जर्मनांना दुसरी वाट नव्हती काय?

होती. वाल्मोंतोनेच्या उत्तरेला डोंगराळ मुलुखातून सुबियाकोच्या बाजूने जाणारे रस्ते होते आणि माघारीत त्यांचा वापर झाला. शिवाय जर्मन सेनापती केसेलरिंग यांनी वाल्मोंतोनेचे महत्त्व ओळखून हर्मन गोअरिंग डिव्हिजन तिकडे धाडलेली होती, त्यामुळे ते गाव अमेरिकनांची वाट पाहत रिकामे बसले नव्हते. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर वायव्येकडे वळवलेला हल्ला लानुविओ आणि काम्पोलेओने या भागात पक्क्या मोर्चांवर आपटला आणि काही दिवस अडकून पडला, ज्यात पुष्कळ माणसे गेली. म्हणजे ‘रोमचा जवळचा रस्ता’ ही समजूतही कागदावर दिसते तितकी खरी नव्हती. ही कोंडी ३० मेच्या रात्री फुटली, तीही छत्तिसाव्या डिव्हिजनच्या सैनिकांना वेल्लेत्रीजवळच्या मोंते आर्तेमिझिओवर जर्मन रांगेत एक न राखलेली फट सापडली म्हणून. नकाशा समोर असला की दोन्ही बाजूंच्या लेखकांची आवडती वाक्ये थोडी डळमळू लागतात.

येथे एक भाषिक सूचना करणे आवश्यक आहे. इंग्रजी पुस्तकांतील ‘आर्मी’ हा शब्द नेहमी देशाच्या संपूर्ण सैन्यासाठी येत नाही. ‘पाचवी आर्मी’ किंवा ‘दहावी आर्मी’ म्हणजे अनेक कोअर एकत्र असलेली एक मोठी रचना. कोअरखाली डिव्हिजन, डिव्हिजनखाली ब्रिगेड किंवा अमेरिकनांच्या बाबतीत रेजिमेंट, आणि त्याखाली बटालियन, ही उतरंड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. तसे न केल्यास कोणाचा हुकूम कोणावर चालतो हे कळत नाही, आणि वादग्रस्त निर्णयांच्या पुस्तकांत निम्मा वाद त्याच प्रश्नाभोवती फिरत असतो.

आकडे आणि त्यांचे मराठी

इंग्रजीतील ‘कॅज्युअल्टी’ या शब्दाने मराठी वाचकाची जितकी फसगत होते, तितकी क्वचितच दुसऱ्या शब्दाने होत असेल. त्यात मृत, जखमी आणि बेपत्ता असे तिघेही येतात, आणि बेपत्तांपैकी पुष्कळजण शत्रूच्या कैदेत असतात. आपल्याकडे भाषांतरात त्याचे सर्रास ‘ठार’ होते.

क्लार्क यांच्याच कारकिर्दीतले उदाहरण घ्यावे. २० ते २२ जानेवारी १९४४ या दिवसांत त्यांच्या हुकमावरून छत्तिसाव्या डिव्हिजनने कसिनोच्या दक्षिणेला सांत आंजेलो या गावाजवळ नदी ओलांडण्याचा प्रयत्न केला. अमेरिकी पुस्तके तिला रापिदो म्हणतात. त्या जागी तिचे स्थानिक नाव गारी आहे, आणि नकाशावर रापिदो शोधणारा वाचक थोडा वर भरकटतो. पात्र जेमतेम पंचवीस ते पन्नास फूट रुंद होते, पण पाणी खोल आणि वेगवान होते, काठ उभे होते, पलीकडे जर्मन तोफा आणि मशिनगना तयार होत्या, आणि रबरी व लाकडी होड्या चिखलातून वाहून आणाव्या लागत होत्या. हल्ला पूर्ण फसला. अधिकृत इतिहासात हानीचा आकडा १६८१ आहे: १४३ मृत, ६६३ जखमी आणि ८७५ बेपत्ता. ज्या पुस्तकात केवळ बेरीज दिलेली असेल आणि फोड दिलेली नसेल, त्यातील विशेषणांवर विश्वास ठेवण्याची घाई करू नये. त्याचबरोबर १४३ हा आकडा लहान वाटू लागला, तर अठ्ठेचाळीस तासांत दोन रेजिमेंटांची काय अवस्था झाली, हे पुन्हा वाचावे.

हे प्रकरण वाचण्याजोगे आहे ते आणखी एका कारणाने. छत्तिसाव्या डिव्हिजनमधील माजी सैनिकांनी १९४६ साली या हल्ल्याची चौकशी व्हावी अशी मागणी केली आणि अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर सुनावणी झाली. क्लार्क यांच्यावर कारवाई झाली नाही. युद्ध खात्याने त्यांची बाजू घेतली. डिव्हिजनचे कमांडर फ्रेड वॉकर यांनी मात्र हल्ल्याच्या आधीच आपल्या रोजनिशीत गंभीर शंका नोंदवून ठेवल्या होत्या, ज्या १९६९ साली पुस्तकरूपाने छापून आल्या. मोंते आर्तेमिझिओची फट शोधून रोमची वाट उघडणारे वॉकर ते हेच. म्हणजे ज्या माणसाचा सल्ला जानेवारीत मनातच राहिला, त्याच्याच डिव्हिजनने मे महिन्यात क्लार्क यांचा डाव वाचवला, आणि ही गोष्ट रापिदोवरील एक पुस्तक आणि रोमवरील दुसरे पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय नजरेत भरत नाही.

मधल्या माणसाकडे पाहावे

पुस्तकाच्या पाठीवर नाव सेनापतीचे असते, त्यामुळे वाचकाचे लक्षही त्याच्यावरच खिळून राहते. माझा आग्रह असा, की निर्णय देणाऱ्याच्या लगोलग खालचा माणूस शोधावा आणि त्याने त्या क्षणी काय केले हे तपासावे. वॉकर यांनी रोजनिशीत निषेध केला, पण हल्ला करण्यास नकार दिला नाही. ट्रस्कॉट यांनी १९५४ मध्ये लिहिले, की क्लार्क अलेक्झांडर यांच्या सूचनांशी प्रामाणिक राहिले असते तर अँझिओचा हेतू पूर्णपणे साध्य झाला असता, आणि रोमला पहिले पोचणे ही त्या गमावलेल्या संधीची फार अपुरी भरपाई होती. मात्र २५ मेच्या संध्याकाळी आपल्या कमांडरांना हुकूम समजावताना त्यांनी हा विरोध दाखवला नाही. यात मला दांभिकपणा दिसत नाही. हुकूम एकदा ठरल्यावर हाताखालच्यांपुढे डळमळीत बोलणे म्हणजे उद्या त्यांची माणसे मारणे, हे त्यांना माहीत होते. पण दहा वर्षांनंतरची ठाम वाक्ये वाचताना त्या संध्याकाळचे मौन शेजारी ठेवायला हवे. आठवणींच्या पुस्तकात माणूस जितका निःशंक दिसतो, तितका तो त्या दिवशी असतोच असे नाही.

क्लार्क यांच्या पुस्तकालाही हाच न्याय लावावा. त्यांनी आपला हेतू लपवलेला नाही, ही त्यांची बाजू वाचताना जाणवलेली अनपेक्षित गोष्ट. पाचव्या आर्मीने एवढे रक्त सांडल्यावर रोम घेण्याचा मान तिचाच आहे, पंधरा शतकांत दक्षिणेकडून रोम घेणारी पहिली फौज आपण व्हायचे आहे, आणि हे कोणी केले व त्याची काय किंमत मोजली हे मायदेशी लोकांना कळले पाहिजे, असे ते उघडपणे लिहितात. एवढ्या स्पष्ट कबुलीनंतर त्यांना ढोंगी म्हणता येत नाही. प्रश्न उरतो तो असा, की आपल्या सैनिकांच्या मानाबद्दलची ही कळकळ आणि स्वतःच्या नावाबद्दलची ओढ यांच्यातली सीमा खुद्द त्यांना तरी दिसत होती का. आणि त्यासाठी त्यांची त्या काळातली रोजनिशी वापरणारे पुस्तक शोधावे.

कबुली कशी वाचावी याचा दुसरा धडा ग्रँट यांच्या आठवणींत आहे. घशाच्या कर्करोगाने मरणाच्या दारी असताना त्यांनी ते पुस्तक लिहिले आणि जुलै १८८५ मध्ये, हस्तलिखित संपवल्यावर थोड्याच दिवसांत, ते वारले. ३ जून १८६४ रोजी कोल्ड हार्बरला केलेल्या शेवटच्या हल्ल्याचा आपल्याला नेहमीच खेद वाटत आला, झालेल्या हानीच्या बदल्यात काहीच पदरात पडले नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सेनापतींच्या आत्मचरित्रांत इतके स्वच्छ वाक्य दुर्मीळ आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. तरीही तेथे थांबू नये. हल्ल्यानंतर दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यात जखमी सैनिक पडून होते, आणि त्यांना उचलण्यासाठीचा तह ग्रँट आणि विरोधी फौजेचे सेनापती ली यांच्यातील पत्रापत्रीत अडकून ७ जूनपर्यंत लांबला. तोपर्यंत बहुतेक सगळे मेले होते. ग्रँट ही पत्रे पुस्तकात देतात, पण त्या विलंबाबद्दल खेदाचे वाक्य नाही. कबुली वाचताना ती कशाची आहे आणि कशाची नाही, या दोन्ही ओळी वहीत लिहाव्यात.

एकट्याच्या नावावर सगळे खपवू नये

मॅकआर्थर यांच्यावरील पुस्तकांत हा धोका सर्वाधिक असतो, कारण त्यांचे व्यक्तिमत्त्वच इतके ठळक आहे की बाकीचे पुसट होतात. ऑक्टोबर १९५० मध्ये मॅकआर्थर यांच्या फौजा उत्तर आणि दक्षिण कोरियाची सीमा मानलेल्या अडतिसाव्या अक्षांशाच्या उत्तरेला गेल्या, नोव्हेंबरात चिनी सैन्याने प्रचंड प्रतिहल्ला केला आणि एप्रिल १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मॅकआर्थर यांना दूर केले. सोपी मांडणी अशी, की एका गर्विष्ठ सेनापतीने चीनला युद्धात ओढले. भारतीय वाचकाने येथे सरदार पणिक्कर यांचे नाव पुस्तकाच्या सूचीत शोधावे. पणिक्कर त्या वेळी चीनमध्ये भारताचे राजदूत होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना बोलावून घेतले आणि अमेरिकी फौजा अक्षांश ओलांडतील तर चीन हस्तक्षेप करील, असे सांगितले. हा इशारा दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोचला आणि तेथे तो फारसा मनावर घेतला गेला नाही. अक्षांश ओलांडायला मंजुरीही वॉशिंग्टनचीच होती. त्यानंतर १५ ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकआर्थर यांनी चीन युद्धात उतरण्याची शक्यता फार थोडी असल्याचे ट्रुमन यांना सांगितले, हे खरे आणि गंभीर आहे. पण ज्या पुस्तकात वेक बेट आहे आणि पणिक्कर नाहीत, त्यात जबाबदारीची वाटणी अपुरी झालेली आहे, असे निःशंकपणे मानावे.

सूचीत आपली माणसे

पुस्तकाच्या शेवटची सूची हे तपासणीचे साधन म्हणून वापरण्याची सवय मला फार उपयोगी पडली. इटलीच्या मोहिमेवरचे अमेरिकी पुस्तक घेतले, की मी सूचीत भारतीय डिव्हिजन पाहतो. जेथे जानेवारीत छत्तिसाव्या डिव्हिजनचा चुराडा झाला, त्याच सांत आंजेलोजवळ ११ मेच्या रात्री आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी ओलांडली आणि पूल उभारून ती पलीकडे टिकली. याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. रापिदोचा हल्ला ‘अशक्यच होता’ असे ठासून सांगणाऱ्या लेखकाला मे महिन्यातील ही ओलांडणी समजावून सांगावी लागते: या वेळी तोफखाना किती मोठा होता, आघाडी किती रुंद होती, तयारीला किती अवधी मिळाला. ही तुलना जो करतो तो क्लार्क यांच्या जानेवारीतल्या निर्णयाबद्दल नेमके बोलू शकतो, आणि जो ती टाळतो तो केवळ हळहळतो. अशा वेळी बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारतीय सेनादलांच्या अधिकृत इतिहासातील इटलीचा खंड ग्रंथालयातून मिळवून शेजारी ठेवावा.

येथेच वाचकाच्या मनावर सर्वांत मोठा ताण येतो, आणि तो माझ्यावरही आला. १० जुलै १९४४ रोजी, रोम पडून पाच आठवडे झाल्यावर, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी आपली संपूर्ण तुकडी कोसळल्यावर एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर धाव घेतली, तो घेतला, आणि ते तेथेच मारले गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतील मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभारले. ट्रस्कॉट यांचे पुस्तक नुकतेच मिटले असेल, तर हात आपोआप लिहू लागतो, की क्लार्क वळले नसते तर जर्मन फौज वाल्मोंतोनेला संपली असती आणि माणगाव तालुक्यातला हा तरुण घरी आला असता. मी हे वाक्य एकदा लिहिले आहे. ते मला खोडावे लागले, कारण ते खरे ठरवायचे तर वाल्मोंतोने खरोखरच पडले असते, उत्तरेचे रस्तेही बंद झाले असते, दहावी आर्मी शरण आली असती, जर्मनांनी दुसरीकडून कुमक आणली नसती आणि १० जुलैला त्या टेकडीवर कोणीच नसते, असे पाच दुवे एकामागून एक दाखवावे लागतात, आणि त्यांतला दुसराच दुवा नकाशावर तुटतो.

अशी वाक्ये चांगल्या चांगल्या लेखकांच्या पुस्तकांतही असतात. फक्त तेथे नाव घाडगे यांच्याऐवजी टेक्ससच्या एखाद्या गावातल्या मुलाचे असते. ती सापडली की समासात दुव्यांची संख्या लिहावी.

कोणते आधी, कोणते नंतर

अधिकृत इतिहासातील संबंधित प्रकरणे आधी वाचावीत. अमेरिकी लष्कराच्या इतिहास केंद्राच्या संकेतस्थळावर ‘सालेर्नो टू कसिनो’ आणि ‘कसिनो टू द आल्प्स’ हे खंड विनामूल्य मिळतात. पहिल्यात रापिदो आहे, दुसऱ्यात रोम. ते रुक्ष वाटतात, पण वहीची डावी बाजू त्यांच्यावरूनच भरावी. त्यानंतर निर्णय देणाऱ्याचे पुस्तक, मग तो पाळणाऱ्याचे, आणि शेवटी अलीकडच्या इतिहासकाराचे, ज्याला दोन्ही बाजूंचे कागद आणि शत्रूच्या नोंदी पाहायला मिळाल्या. बाजारात प्रथम दिसते ते बहुधा शेवटचे, सर्वांत वाचनीय आणि सर्वांत ठाम; ते शेवटीच उघडण्याचा संयम ठेवावा.

चारही झाल्यावर वहीत तारीख घालून पाच-सहा ओळींत आपला निवाडा लिहावा, आणि खाली अर्धे पान मोकळे सोडावे. माझ्या वहीत २५ मेच्या पानाखाली आज तीन निवाडे आहेत. पहिल्यात क्लार्क दोषी आहेत. दुसऱ्यात ते जवळजवळ सुटले आहेत, कारण तेव्हा मी नकाशाच्या नव्या शोधाने हरखून गेलो होतो. तिसऱ्यात लिहिले आहे, की त्यांनी वरिष्ठाचा आदेश मोडला आणि तो अशा वेळी कळवला की परत फिरता येऊ नये, हे सिद्ध आहे. त्यामुळे दहावी आर्मी निसटली, हे सिद्ध नाही. पान अजून थोडे शिल्लक आहे.